माझ्या तिसऱ्या खाचेतलं चंदन

मी मदरबोर्ड बोलतेय. नाव भारदस्त आहे, पण रूप म्हणाल तर पोळपाटाएवढी हिरवी पाटी. कॉम्प्युटरच्या पेटीत भिंतीला टेकून उभी असते. बाकीचे सगळे माझ्या अंगावर येऊन बसतात, माझ्याकडून वीज घेतात आणि मोठेपणा मात्र स्वतःकडे ठेवतात. माझी तक्रार नाही. मला फक्त सगळं दिसतं, एवढंच सांगते.

चेन्नईत, सालिग्रामममधल्या पुष्पवल्ली अक्कांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत मी सोळा वर्षं आहे. मला रिची स्ट्रीटवरून आणलं, तेव्हा दुकानदार नव्या चकचकीत पाट्या पुढे सरकवत होता. अक्कांनी पिशवीतून कागद काढला. आवाजाचं मोठं कार्ड बनवणाऱ्यांनी त्यावर लिहून दिलं होतं, आमचं कार्ड कुठल्या मदरबोर्डवर नांदेल आणि कुठल्यावर नाही. अक्का पाचवी शिकलेल्या. त्यांनी कागदावरचे आकडे आणि माझ्या अंगावरचे आकडे बोट ठेवून एकेक जुळवले. माझ्या शेजारची अगदी माझ्यासारखी दिसत होती, तिला परत ठेवलं.

दुकानदार म्हणाला, "अक्का, दोन्ही एकच हो."

"एकाच मापाच्या दोन चपला, पण दोन्ही उजव्या. घालशील?"

त्यानं मला पुठ्ठ्यात बांधलं.

ते कार्ड म्हणजे हातभर लांब आणि नाकावर राग. आवाजाला घुमारा देणं, खरखर काढणं, दहा वाद्यं एका मापात बसवणं ही सगळी त्याची कामं. पण त्याला स्वतंत्र वाट लागते. माझ्या पहिल्या दोन खाचांत बसवलं की पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या कार्डाशी त्याचं भांडण सुरू, एका नळावर दोन हंडे आल्यासारखं, आणि गाण्यात टकटक ऐकू येते. तिसऱ्या खाचेत बसवलं की राजा. हे अन्बरसनला शोधायला चार दिवस लागले. अन्बरसन म्हणजे अक्कांचा आवाजाचा माणूस, चाळिशीचा, हुशार, फक्त घाईचा.

मीही काही साधी नाही. एकदा एका निर्मात्याचा मेव्हणा गायला आला होता. दोन तास ऐकलं. मग मी तापले आणि त्याच्या सगळ्यात उंच सुराला बंद पडले. सगळ्यांनी उन्हाला बोल लावला. मी लावू दिला.

गेल्या वर्षी मात्र बिघाड खरा होता, आणि तो मी केलेला नव्हता.

पोंगलनंतर तंगवेलु पिळ्ळै अय्या तिरुवारूरहून आले होते. नादस्वरम वाजवणारे, वय अठ्ठ्याहत्तर. बेचाळीस मिनिटं खरहरप्रिया राग वाजवला. उन्हाळ्यात त्यांचे पुढचे दोन दात पडले. नकली दातांवर वाद्याची पत्ती धरवेना. म्हणजे ती बेचाळीस मिनिटं शेवटची. ती सगळी त्या कार्डावर घडवलेली, आणि कार्ड दिसल्याशिवाय ते काम उघडतच नाही. विजयादशमीला दुपारी तीन वाजता अय्या ऐकायला येणार होते. त्यांनी हो म्हटलं तरच बाहेर द्यायचं, असा शब्द होता.

आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी यंत्रं पुसायची, चंदन-कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. अन्बरसननं कार्ड काढून धूळ झटकली, ते बाजूला उभं केलं आणि चुरमुरे-फुटाणे खायला बाहेर गेला. अक्का चंदनाची वाटी घेऊन आल्या. माईकला लावलं, स्पीकरला लावलं, दाराच्या कडीलाही लावलं. मग पेटीत डोकावल्या.

"सगळं काम तू करतेस, आणि टिळा मात्र पेटीला?" त्या मला म्हणाल्या.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी चांगलं बोटभर चंदन घेतलं आणि माझ्या रिकाम्या तिसऱ्या खाचेवर दाबलं. त्यांना ते कपाळ वाटलं. ते माझं तोंड होतं. अन्बरसन आला, हात पँटला पुसले आणि न बघता कार्ड आत दाबलं. रात्रभरात चंदन वाळलं.

सकाळी पडद्यावर ओळ आली, कार्ड सापडत नाही. अन्बरसननं कार्ड पहिल्या खाचेत घातलं, मग दुसऱ्या, परत तिसऱ्या. कार्डाची सोनेरी किनार आता चंदनानं भरलेली, कुठेही बसवलं तरी मुकंच.

"अक्का, ही पाटी म्हातारी झाली. आता जुळत नाही."

"काल जुळत होती."

"माणूसही काल असतं, आज नसतं, अक्का."

"सणाच्या दिवशी तोंड सांभाळ."

तो स्कूटर घेऊन गेला आणि बारा वाजता नवी पाटी घेऊन आला. मला काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. नवीचं रूप काय सांगू, अंगभर दिवे, जत्रेतल्या पाळण्यासारखी. पण तिच्या खाचा आखूड. आमचं कार्ड शिरेना. जुन्या मापाची खाच आता कुणी ठेवत नाही म्हणे. अन्बरसननं घाम पुसला, खण उघडला आणि कानस काढली.

"काय करतोस?"

"कार्डाची किनार थोडी घासतो. मग बसेल."

मी वर्तमानपत्रावर पडल्या पडल्या गारठले. घासलं तर ते कार्ड माझं नाही, तिचंही नाही, आणि अय्यांची बेचाळीस मिनिटं कुणाचीच नाहीत.

"बसेल की बसेलसं वाटतंय?" अक्कांनी विचारलं. तेवढ्यात दारात काठी वाजली. अय्या दोन वाजताच आले होते. अक्कांनी घडलं ते सरळ सांगितलं. लपवणं त्यांना जमत नाही.

अय्यांनी खुर्ची ओढली. अन्बरसनला ते तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. "तंबी, आमचं वाद्य बोललं नाही तर आम्ही आधी काय करतो?"

"काय, अय्या?"

"तोंड बघतो. पत्तीत थुंकी वाळलेली असते, कधी माशी अडकते. लगेच दुसरं झाड तोडून नवं वाद्य करत नाही. ती कानस खाली ठेव. बॅटरी दे."

त्यांनी मला उचललं, बॅटरी धरली, तिसऱ्या खाचेशी नाक नेलं आणि वास घेतला.

"चंदन. चांगलं आहे, म्हैसूरचं दिसतंय."

अन्बरसननं अक्कांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? देवाला लावलं तेच हिला लावलं. तू न बघता कोंबलंस ते?"

"अक्का, टिळा लावायला सगळी पेटी होती."

"पेटी काय काम करते?"

मग दोघंही कामाला लागले. त्यानं स्पिरिट आणि ब्रशानं माझं तोंड धुतलं. अक्कांनी खोडरबरानं कार्डाची किनार घासली. साडेतीनला मी पुन्हा पेटीत. पडद्यावर कार्डाचं नाव आलं तेव्हा अक्का पदरानं मान पुसत खाली बसल्या.

अय्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांची बोटं मांडीवर, नसलेल्या छिद्रांवरून फिरत होती. शेवटचा सूर संपला. बोटं आणखी दोन-चार क्षण चालत राहिली. ती थांबेपर्यंत अक्कांनी कुणाला बटण दाबू दिलं नाही.

"हे मी वाजवलं?"

"हो, अय्या."

"बरं वाजवलंय." मग म्हणाले, "दे बाहेर."

आमच्याकडे जेवढा वेळ वाजलंय तेवढाच वेळ उतरवायला लागतो. पुन्हा बेचाळीस मिनिटं. अक्का मुख्य बटणासमोर खुर्ची टाकून बसल्या, कुणाला चहासुद्धा आत आणू दिला नाही. उतरवलेली तबकडी त्यांनी अय्यांच्या हातात दिली. आता ते वाजायला मी लागत नाही, कार्डही लागत नाही.

नवी पाटी दुकानात परत गेली. मी आहे. अंगावरचे वीज साठवणारे दोन इवले डबे फुगलेत, सकाळी उठायला वेळ लागतो. अक्का, एक सांगते. अजून सतरा रेकॉर्डिंगं फक्त माझ्यावर उघडतात. ती वाजवणाऱ्यांपैकी तिघे आता या जगात नाहीत, त्यांना परत बोलावताही यायचं नाही. उद्या कॉफी झाली की त्यातलं पहिलं तबकडीवर उतरवायला लावा. दोन तास लागोत, मी तेवढी टिकते.