खिशांची गोधडी

गोधडी भिंतीवर टांगून झाली तशी धाकटीने खालची पाटी वाचली. ‘गोधडीवाल्या आजी. पारंपरिक कला.’ तिने पाटी पुन्हा वाचली. तिचं नाव कुठेच नव्हतं.

जुन्या पोस्टाच्या इमारतीत वस्तीने उभं केलेलं ते छोटंसं संग्रहालय. या वेळी तिथे आसपासच्या लोकांनी हल्लीच केलेल्या वस्तू मांडल्या होत्या: मातीची भांडी, तारेच्या टोपल्या, चित्रं. समोरच्या मोठ्या भिंतीवर ही गोधडी.

गोधडीवाल्या आजी म्हणजे धाकटीची सासू; ही त्यांची धाकटी सून, म्हणून सगळ्यांची धाकटी. एके काळी त्यांच्या गोधड्यांसाठी लोक लांबलांबून यायचे, हे खरंच. पण मग डोळे गेले, बोटं आखडली, सुई हातात टिकेना. गोधड्या मात्र घरातून निघतच राहिल्या. त्या धाकटी शिवायची आणि नाव आजींचं लागायचं. तिने कधी विषय काढलाच, तर नवरा म्हणायचा, “घरचंच तर नाव आहे. तुझं काय नि आईचं काय!”

आणि ही गोधडी तर पुरती तिच्या डोक्यातून आलेली. शेजारपाजारच्यांचे कामावरचे जुने सदरे मागून आणून तिने त्यांचे खिसे उसवले होते. ड्रायव्हरच्या खिशावर चष्मा, नर्सच्या खिशावर थर्मामीटर, शाळेच्या शिपायाच्या खिशावर खडूचा तुकडा, असं ज्याच्या खिशात जे असायचं ते दोऱ्याने भरलं होतं. आजींनी जन्मात असलं काही केलं नव्हतं. यात पारंपरिक ते काय?

तिने तिथेच नवऱ्याला गाठलं. तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, की इथे तमाशा नको, लोक आईच्या नावाला येतात. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनीही गोड आवाजात तेच सांगितलं, वर उद्या आजींना सांभाळून आणाल ना, असं विचारलं. सवयीने धाकटीची मान हलली, आणि त्या हललेल्या मानेचाच तिला सर्वांत जास्त संताप आला. घरी तिने भांडी आपटली. सासूशी ती धड बोललीसुद्धा नाही. फुकटचा मान म्हातारीला गोड लागतोय, असंच तिच्या मनाने घेतलं होतं.

उद्घाटनाला आजींना खुर्चीत बसवलं, गुच्छ दिला, फोटो काढले. मग चित्रकलेच्या एका शिक्षिकेने वाकून विचारलं, “आजी, हे खिशांचं तुम्हाला सुचलं कसं?”

धाकटीचा नवरा लगेच पुढे सरसावला, की आईला पहिल्यापासूनच असल्या कल्पना सुचतात.

“थांब रे,” आजी म्हणाल्या. “बाई, मला ही गोधडी इथून दिसतसुद्धा नाही. नुसते रंग हलल्यासारखे वाटतात. ही माझ्या सुनेने केली. गेली कित्येक वर्षं सगळ्या तीच करते.”

“आई, अगं लोकांसमोर काय...”

“लोकांसमोरच बोलणार. घरात बोलले ते तू ऐकलंस? म्हणालास, तुझं नाव मोठं आहे. उद्या मी मेले आणि माझ्या नावाच्या गोधड्या येतच राहिल्या, तर लोक म्हणतील, म्हातारी वर जाऊनही टाके घालतेय.”

लोक हसले. नवऱ्याला हसू आलं नाही.

आजींनी आवाज खाली आणला. “डेपोत तू गाडी दुरुस्त केलीस आणि शाबासकी साहेबाने घेतली, तेव्हा भरल्या ताटावरून उठला होतास. आठवतंय? तो तरी परका होता. हिचं काम तर आपण घरातल्यांनीच घेतलं. मीही त्यात आले.”

धाकटी खांबाला टेकून उभी होती. सासू घरात आपल्यासाठी भांडत होती, आणि आपल्याला पत्ताही नव्हता! इतकी वर्षं राग भलत्याच माणसावर काढला होता.

शिक्षिका तिच्याकडे वळली. धाकटी अडखळत बोलू लागली: कुठला खिसा कुणाचा, कुठला उसवताना फाटला, कुठल्या खिशात खरंच काहीच नसायचं. लोक जवळ सरकले.

बऱ्याच वेळाने नवरा आला. त्याने जुनी पाटी काढून एक कोरी पाटी आणली होती, पेनही मागून घेतलं होतं. “काय लिहू?”

“माझं नाव. पूर्ण लिहा.”

त्याने लिहिलं. मग म्हणाला, “मला वाटायचं, घरात सगळं सगळ्यांचंच असतं.”

“मग त्यात माझं कधीच काही कसं नव्हतं?”

“चुकलंच माझं,” तो म्हणाला, आणि नवी पाटी त्याने स्वतःच्या हाताने लावली. त्या आठवड्यात संग्रहालयाच्या बाई घरोघर जाऊन खरोखर कोणी काय केलं ते विचारून आल्या. त्यानंतर आणखीही काही पाट्या बदलल्या.

वाचकहो, घर एक असलं तरी त्यातले हात वेगवेगळे असतात. ज्या हाताने काम केलं, त्याचं नाव घेणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं नव्हे. ते आपल्याकडून त्याचं येणंच असतं. तुमच्या घरात, कचेरीत कोणाच्या कामावर कोणाचं नाव चालतंय, ते एकदा विचारून बघा. उशीर झाला असेल, तरीही विचारा.