विरोधातले एक मत

एखादी गोष्ट विवेकाला पटत नसेल, तर तिला विरोध करणे हे सभासदाचे कर्तव्यच होय. परंतु तिचा निर्णयच होऊ नये म्हणून सभेकडे पाठ फिरवणे त्या कर्तव्यात बसते काय? चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात, निघोज्याच्या पलीकडील एका गावात, पंचायतीच्या पायऱ्यांशी उभ्या असलेल्या वृद्ध सदस्य चिमाजींना त्या दुपारी हाच प्रश्न छळत होता.

मंदी आली कारखान्यांत. गावाला ती कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांना लागलेल्या कुलपांवरून कळली. मोठ्या कंपनीने एक शिफ्ट बंद केली, तिच्यावर जगणारे छोटे कारखाने मंदावले आणि परभणी-लातूरकडची कंत्राटी माणसे बोचकी बांधू लागली. सरपंच विजयश्रीताईंचा प्रस्ताव असा होता, की पंचायतीची शिल्लक आत्ताच बाहेर काढावी, गटाराचे रखडलेले काम सुरू करावे आणि बसून राहिलेल्या हातांना मजुरी द्यावी. चिमाजींना हे साफ अमान्य होते. कंपन्यांकडून येणारा कर आटत असताना गावाने हात आखडताच घ्यावा, अशी त्यांची धारणा.

त्यांच्या गटाचा पुढारी म्हणजे त्यांचा सख्खा पुतण्या दिग्विजय. भाऊ अकाली गेल्यावर चिमाजींनीच त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले होते. पंचायतीत जागा नऊ, त्यांतील एक रिकामी. स्वतःला धरून चार सदस्य सरपंचांकडे, तसेच चार दिग्विजयकडे; मते समसमान झाली की सरपंचांचे निर्णायक मत. मतदानात हार ठरलेलीच. मात्र सभा चालण्यास पाच माणसे लागत. उद्या पंचायत समितीच्या निवडणुकीची आचारसंहिता लागणार होती. आज सभा मोडली, की काम निवडणूक उरकेपर्यंत लटकणार.

"तात्या, जीपमध्ये बसा," दिग्विजय म्हणाला. "आत बसू द्या चौघांना माश्या मारत."

"आरं, पण मला बोलायचं हाय."

"प्रचारात बोला की! आज काम सुरू झालं तर मतं त्या बाईच्या पक्षाला जातील. निवडणूक होऊ द्या, हेच गटार आपण करू. नारळ माझ्या हातचा!"

चिमाजी चमकले. "हेच? मग शिल्लक राखायची म्हनत व्हतास त्ये?"

"ते सभेपुरतं हो, तात्या. तुम्ही पण ना!"

जीपमधले दोघे सदस्य हसले. चिमाजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आयुष्यभर मनापासून जपलेला एक विचार घरच्याच माणसाने आडोशासारखा वापरला, हे त्यांना आत कुठेतरी लागले.

पायरीवर सरूबाई बसली होती. तिच्या खानावळीतली निम्मी ताटे रिकामी जात. ती म्हणाली, "तात्या, आत जाताय का जीपमधी, एकदाचं ठरवा बया. मला सांच्याला कणीक किती मळायची ते तरी कळू द्या."

चिमाजी पायरी चढले.

"तात्या!" दिग्विजयचा आवाज चिरकला. "आत गेलात तर माझं दार तुम्हाला बंद. सांगून ठेवतो."

चिमाजींनी वहाणा पायरीवर काढल्या. मग आत जाऊन पाचव्या खुर्चीत बसले.

विजयश्रीताई उठून उभ्या राहिल्या. "तात्या, तुम्ही?"

"इरोध कराया आलोय, ताई. गैरसमज नगं. उद्या पाण्याची मोटार जळली तर पैसा कुठला आननार? टाकीवरच्या मानसांचा पगार?"

"आणि खोल्या ओस पडल्या तर घरपट्टी कोण भरेल, तात्या? माणसं गेली की दुकानं मिटतील. मग तुमची राखलेली शिल्लक पगारातच विरघळेल. माणूस टिकला, तरच गाव टिकेल."

"आन् कंपनी पुन्ना उभीच न्हाई राहिली तर?"

बाहेर जीपचा भोंगा वाजत होता.

"तर मी चुकलेली असेन," ताई हळू म्हणाल्या. "पण ही माणसं गेल्यावर विचार करायचा, हे मला जमत नाही."

"मला बी झोप न्हाई लागत, ताई. पर रिकाम्या तिजोरीची भीती मी बघितलीया."

मतदान झाले. चार हात वर गेले. विरोधात एकट्या चिमाजींचा हात. प्रस्ताव संमत झाला.

बाहेर येताच सरूबाई म्हणाली, "विरोध करून काम मंजूर करनारा मेंबर आज पयल्यांदा बघितला!" माणसे हसली. रंगकामाची नोकरी गेलेला भिवा पाया पडायला वाकला, तसे चिमाजींनी त्याला दंडाला धरून उभे केले. "माझ्या न्हवं, बाबा. मी तुझ्या कामाच्या इरुद्ध बोललोय, आन् अजून बी तेच म्हननं हाय."

जीप चाकण रस्त्याकडे वळली. दिग्विजयने मागे पाहिले नाही. कंटेनरांच्या रांगेत ती दिसेनाशी होईपर्यंत चिमाजी पाहत राहिले.

"जपून चालव रं लेकरा. सुखी ऱ्हा," ते पुटपुटले. मग भिवाकडे, सरूबाईकडे, दारात येऊन उभ्या राहिलेल्या ताईंकडे त्यांनी एकवार पाहिले.

"समद्यांचं भलं होवो," ते म्हणाले. "देवा, माझं म्हननं खोटं ठरू दे."