प्लंबरकाकांच्या पोटात राहून गेलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. प्लास्टिकची, बोटाएवढी लांब, पेनच्या रिफिलएवढी बारीक. डॉक्टर मला स्टेंट म्हणतात. जुन्या छत्र्या, खुर्च्या आपल्याला टाकून दिलं म्हणून रडतात. माझं रडगाणं वेगळं आहे. मला कोणी टाकूनच देईना.

माझा जन्म कारखान्यात झाला. बालपण पाकिटात गेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाकीट बंद होतं.

मग प्लंबरकाकांना कावीळ झाली. यकृतातून पित्त आणणाऱ्या वाटेत खडा अडकला होता. सर्जनबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून मला त्या खड्याला खेटून बसवलं. पित्त वाहू लागलं.

"काका, आज फक्त वाट मोकळी केलीय," बाई म्हणाल्या. "तुमचं रक्त नीट गोठत नाहीये, म्हणून खडा आतच आहे. तीन महिन्यांच्या आत या. खडाही काढू, नळीही काढू. विसरायचं नाही हं!"

काका विसरले नाहीत, हेच तर दुर्दैव. कावीळ उतरली, भूक लागली आणि त्यांनी विचारपूर्वक जायचं टाळलं. काकू रोज मागे लागायच्या.

"अहो, बाईंनी बोलावलंय ना?"

"चालू लाईनला हात लावायचा नाही. आमच्या धंद्यातला पहिला नियम."

"ती लाईन पोटात आहे!"

"मग तर अजिबातच नाही."

येणाऱ्याजाणाऱ्यासमोर पोटावर थाप मारून काका सांगायचे, "फिटिंग बघा. काही त्रास नाही!" लोक "वा!" म्हणायचे. शर्टाकडे बघून म्हणत असावेत. तीन महिने उलटून गेले. इकडे माझ्यात गाळ साचत होता. मला तोंडं दोन, पण ओरडायला एकही उपयोगाचं नाही, आणि दोन्ही बुजत चाललेली. इतका संताप मी आयुष्यात केला नाही.

अखेर एका दुपारी कोणाचं तरी तुंबलेलं बेसिन उघडून, "वेळेवर पाइप बदलायला काय होतं हो तुम्हाला?" असं काका झापत असतानाच त्यांना हुडहुडी भरली. ते तिथेच फरशीवर बसले. ताप चढला, डोळे पुन्हा पिवळे झाले. घरमालकाने त्यांना गाडीत घालून दवाखान्यात आणलं आणि काकूंना फोन केला.

बाईंनी पुन्हा दुर्बीण घातली, मला ओढून काढलं. मागोमाग पू आला, मग खडा. मला एका ट्रेमध्ये ठेवून बाई बाहेर काकूंना दाखवायला गेल्या.

"हीच ती. पार बुजली होती. रक्तात जंतू शिरले होते, पण वाचले काका. आता पित्ताशयातले खडे उरलेत. ताप उतरला की ऑपरेशन करून पित्ताशयच काढू."

"तारीख मला सांगा," काकू म्हणाल्या. "ह्यांना उचलून आणीन."

इतके दिवस मी त्यांचा नुसता आवाज ऐकला होता. आज पहिल्यांदा त्या दिसल्या. बाकावर एकट्या बसल्या होत्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या पोटात माझी एखादी बहीण असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी त्यांना घेऊन जा. ते ठणठणीत असले, तरी न्या. विशेषतः प्लंबर असले, तर हात धरून न्या. आम्हा नळ्यांना काढल्याचं वाईट वाटत नाही. पण त्या बाकावर कोणाला असं बसवू नका.