कोटातलं गाऱ्हाणं

सांगतो, पण मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मागच्या खेपेला आमच्या येसूबाईनं तीनदा तोडलंन आणि गोष्ट राहिली अर्धीच.

चौऱ्याऐंशी साली आमच्या नमनमंडळाला, म्हणजे देवांना नमून खेळ करणाऱ्या आमच्या कोकणातल्या मंडळींना, मुंबईचं बोलावणं आलं. लोककलांचा महोत्सव, तोसुद्धा कोटात, म्हणजे तुमच्या फोर्टात, मोठमोठ्या दगडी इमारतींच्या मधल्या मैदानात. आम्हाला मिनिटं दिली बारा. अहो, बारा मिनिटांत आमचे देवसुद्धा नमून होत नाहीत! पण गेलो. मी भागोजी, चिरेखाणीतला माणूस, मंडळात खेळाआधी देवाला हाक मारून गाऱ्हाणं घालतो. मृदंगावर गंगारामतात्या, सत्तरी उलटलेले, हट्टात एक नंबर.

सकाळी मैदानात पाय ठेवला नाही तोच तात्यांनी विचारलं, "भागोजी, ही जागा कोणाची?"

आमच्यात ज्यानं रान मोडून जागा उभी केली तो तिचा मूळपुरुष. मेल्यावरही राखण त्याचीच. गाऱ्हाण्यात त्याचं नाव घेतल्याबिगर तात्या मृदंगाला हात लावत नाहीत.

"मुंबादेवीला हाक मारू की," मी म्हटलं.

"देवी सगळ्या मुंबयची. ह्या जागेवर पयला घाम कोणी गाळलान ते सांग. नायतर मी आपला बसतो गप."

झालं! सहाला कार्यक्रम, आणि मी भर दुपारी मूळपुरुष शोधत निघालो. तात्यांचा पुतण्या केरू तिथंच एका बँकेत शिपाई, त्याला सोबत घेतला.

पण खरं सांगू? मला आतून उकळ्या फुटत होत्या. जन्म गेला तांबडा चिरा काढण्यात, आणि इथं काळा दगड, पिवळा दगड, दगडाची पानं, दगडाचे पोपट, एका खांबावर तर चक्क माकड! सांध्यावरून नख फिरवलं तर शिरेना. ही कामं केली कोणी, हे कळल्याशिवाय मला तिथून हलवेना.

केरूच्या बँकेतला कारकून म्हणाला, "जागा सरकारची." फुटपाथवरचा पुस्तकवाला म्हणाला, "साहेबानं बांधलंय सगळं."

माझं डोकंच फिरलं. "साहेबानं छिन्नी धरली होती काय रे हातात?"

"काका, हळू," केरू म्हणाला, "आणि तुम्ही प्रत्येक दगडाला हात का लावताय?"

आता काय सांगू त्याला? माझा बा, काशीराम, मी पाच वर्षांचा असताना दगडाच्या कामाला मुंबईला आला. एक कार्ड आलं, 'कोटात मोठ्या इमारतीचं काम मिळालं, शिमग्याला येतो.' पन्नास शिमगे झाले. आई मरेपर्यंत कुंकू लावत होती. गाऱ्हाण्यात नाव घ्यायचं ते गेलेल्या माणसाचं, म्हणून मी त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर आईचं कुंकू मीच पुसलं असतं. ती गेल्यावरही जीभ रेटली नाही. राग होता माझा त्याच्यावर, फार राग.

परतताना एका संगीताच्या हॉलचं दार उघडं दिसलं. आत चाळीसेक माणसं व्हायोलिनं घेऊन बसलेली. एकानं लांब सूर धरलान आणि बाकीचे सगळे त्याला मिळवून घेत होते. मी दारातच उभा. म्हटलं, बघ, ह्यांनाही आधी कुणीतरी एक लागतोच.

सहा वाजले. महोत्सवाच्या बाई घड्याळावर बोट ठेवून उभ्या. मंडळी पागोटी बांधून तयार. तात्या मांडीवर मृदंग घेऊन बसलेले, हात मात्र गुडघ्यावर.

"गावलं नाव?"

मी नारळ घेतला, पुढं झालो. समोर ती दगडी कमान उन्हात पिवळी झाली होती. तोंड उघडलं तेव्हासुद्धा काय म्हणणार हे मला ठाऊक नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या कोटात ज्यांनी कोणी दगड फोडले, दगड वाहिले, ज्यांची नावं कुणाला ठावी नाहीत, ते सगळे ह्या जागेचे मालक. त्यांच्यातला एक आमचा. काशीराम. माझा बा. बा, पन्नास वर्षं तुला नारळ मिळाला नाही, तो आज लेकाच्या हातून घे, आणि ह्या पोरांचा खेळ सांभाळ, रे म्हाराजा!"

तात्याच पहिले ओरडले, "व्हय म्हाराजा!" आवाज फाटला त्यांचा. ते आणि माझा बा जवळजवळ एकाच वयाचे, एका आळीत वाढलेले. आणि मग मृदंगावर जी थाप पडली म्हणता! बारा मिनिटांची वीस झाली, बाईंनी घड्याळ बघायचं सोडून दिलंन.

त्या भादव्यात, पितरांच्या पंधरवड्यात, आमच्या घरी पहिल्यांदा बाचं पान वाढलं. तात्या जेवायला होते. अळूचं फदफदं त्यांनी दोनदा मागून घेतलं.