मांजराला अर्धं चालतं

आठ दिवसांत तिसरं मांजर थरथरत दवाखान्यात आलं, आणि या वेळी मात्र डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं, "औषध कुठून आणलंत?"

मांजर आणलं होतं ड्रायव्हरकाकांनी. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. बायको गेल्यापासून घरात ते आणि ही करडी मांजरी, दोघंच. टॉवेलात गुंडाळलेल्या तिला झटके येत होते, कान फडफडत होते, तोंडाला फेस आला होता.

"तुमच्याच दुकानातून," काका म्हणाले. "म्हणजे तुमच्या भावाच्या. पिसवांचं औषध. मानेवर चार थेंब घातले. मोजून चार, डॉक्टर. चष्मा लावून."

"पाकीट कसं होतं?"

"पाकीट कुठलं? बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरून दिलं. म्हणाले, कुत्र्याचंच आहे, पण मांजराला अर्धं चालतं."

डॉक्टरांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "वाघीण! कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण!"

वाघीण म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस बाई. चवताळलेल्या बोक्यालाही एका हातानं धरतात म्हणून हे नाव पडलेलं. दोघींनी मिळून मांजरीची मान धुतली, सलाईन लावलं, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. ते औषध कुत्र्यावरच्या गोचिडांसाठी असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या अंगाला ते पचवताच येत नाही. अर्धं काय नि पाव काय, मांजराला ते विषच. म्हणून तर प्रत्येक पाकिटावर मांजराचं चित्र असतं आणि त्यावर लाल फुली. पाकीटच दिलं नाही तर फुली दिसणार कुणाला?

आधीची दोन मांजरं वाचली होती. आणि खरं सांगायचं तर पहिल्याच मांजराच्या मालकिणीनं औषध कुठलं ते सांगितलं होतं. डॉक्टरांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दुकान आणि दवाखाना एकाच घराच्या तळमजल्यावर, मध्ये एक भिंत, वरच्या मजल्यावर आई. "दादा, मांजरवाल्यांना जरा जपून दे रे," असं फोनवर म्हटलं, तो "बरं बरं" म्हणाला, आणि विषय मिटला. दुसऱ्या मांजराच्या वेळी तर त्यांनी विचारलंही नाही.

दुपारी साडेतीनला काकांची मांजरी गेली.

"मीच घातलं," काका टेबलाची कड धरून म्हणाले. "माझ्या हातानं."

"काका, तुमची काही चूक नाही."

"मग कुणाची?"

डॉक्टरांनी हातमोजे काढून फेकले आणि तशाच शेजारी गेल्या.

दादा खाद्याच्या पोत्यांमागे बसून चहा पीत होता. बहिणीचा चेहरा बघून त्यानं कप खाली ठेवला.

"मांजर मेलं, दादा. तुझ्या औषधानं."

"अगं, आजवर शंभर मांजरांना दिलं असेल. म्हातारं असणार ते."

"चार वर्षांचं होतं."

"मग आधीचंच काही दुखणं असेल. तू डॉक्टर झालीस म्हणून मी काय अडाणी झालो? वीस वर्षं दुकान चालवतोय."

"वीस वर्षांत एकदा तरी पाकीट वाचलंस? बंद कर ते. आत्ता, माझ्यासमोर."

"बंद. झालं? गुरुवारच्या भर दुपारी डोक्यात राख घालून येऊ नकोस. रविवारी शिबिर आहे आपलं, त्याचं बघ."

शिबिर दर उन्हाळ्याच्या तोंडावर होई. उकाड्याबरोबर गोचिडं आणि पिसवा वाढतात, म्हणून त्या दिवशी सगळ्यांच्या जनावरांची मोफत तपासणी. रस्त्यावरच्या जनावरांसाठी घराघरांत पाण्याची पसरट भांडी वाटायची. मांडव आणि भेटीच्या पिशव्या दादाच्या. डॉक्टरांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. ठेवायला नको होता, पण ठेवला.

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुत्री भुंकत होती, टोपल्यांमधून मांजरं शिव्या घालत होती, एक आजोबा कासव घेऊन आले होते. डॉक्टर मुलांना समजावत होत्या, "कुत्र्याला फिरवायच्या आधी आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची. आपल्याला चटका बसला, तर त्याच्या पंजांनाही बसणार." तेवढ्यात टोपलीत मांजर घेतलेली एक बाई पुढे आली. तिच्या हातात बिनसुईची सिरिंज होती.

"डॉक्टर, हे आत्ता लावू की घरी गेल्यावर?"

सिरिंजवर स्टिकर होतं. दवाखान्याचं नाव, खाली डॉक्टरांचं नाव आणि त्याखाली 'मांजरांसाठी'.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते डॉक्टरांना तेव्हा कळलं. हळू बोलण्याबद्दल गावभर नाव असलेल्या त्या डॉक्टरबाईंनी माईक उचलला.

"सगळ्यांनी हातातलं काम थांबवा. मांजरांच्या पिशवीतली सिरिंज बाहेर काढा आणि या टेबलावर आणून ठेवा. ती कुणीही वापरायची नाही. त्या औषधानं मांजर मरतं. गुरुवारी एक मेलं."

दादा मांडवाच्या टोकाकडून धावत आला. "अगं, काय चाललंय? घरात बोलू."

"घरात बोलले होते. तू बंद म्हणालास आणि माझं नाव चिकटवून वाटलंस!"

"एवढं भरून ठेवलं होतं, टाकून द्यायचं? आणि लोकांसमोर असं..."

"लोकांनाच वाटलंस ना? मग लोकांसमोरच बोलणार."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर माईक खाली ठेवणार होत्या, पण थांबल्या.

"आणखी एक. हे औषध कुठून येतंय, ते मला पहिल्या मांजरापासून माहीत होतं. दुकान भावाचं म्हणून मी गप्प बसले."

कुणीतरी मागून ओरडलं, "शरम वाटायला हवी!" डॉक्टरांनी मान हलवली. वाटतच होती.

मांजरांच्या बावीस पिशव्या वाटल्या होत्या. सतरा सिरिंजा टेबलावर आल्या. पाच जण घरी निघून गेले होते. वाघीणबाईंनी सगळ्यांचे पत्ते आणि फोन नंबर लिहून घेतले होते, पण फोन कुणी उचलत होतं, कुणी नाही. तेव्हा फाटकाशी उभे असलेले ड्रायव्हरकाका पुढे आले. सकाळपासून ते तिथंच होते, आत मात्र आले नव्हते.

"पत्ते द्या इकडे," ते म्हणाले. "गल्ली न् गल्ली पाठ आहे मला. गाडी मी चालवतो."

चार घरी सिरिंजा तशाच मिळाल्या. पाचव्या घरी औषध लावून झालं होतं. घरमालक दारातच अडून उभा राहिला. "तुमच्याच नावाचं स्टिकर आहे, आणि तुम्हीच म्हणता लावू नका? थट्टा चालवलीय का?"

"चूक आमची आहे. शिव्या नंतर घाला, आधी मांजर द्या," डॉक्टर म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून आत गेल्या. त्याच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, त्याच्याच भांड्यांच्या साबणानं मांजर धुतलं. काकांनी मांजराचे पाय पकडून ठेवले. मांजरानं त्यांचं मनगट फाडलं, तरी त्यांनी पकड सोडली नाही. ते मांजर दोन दिवस दवाखान्यात राहिलं आणि वाचलं.

त्या दिवशी मांजर घेऊन परतताना काकांनी गाडी दवाखान्याकडे वळवली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुम्ही बोललात, बरं झालं. पण पहिल्या मांजराच्या वेळीच बोलला असतात तर..."

"हो."

"मी माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत, काका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध खात्याकडे लेखी तक्रार दिली. सोबत सिरिंजा, स्टिकरं आणि मांजरीचा अहवाल. ते कळल्यावर आई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"सख्ख्या भावावर तक्रार केलीस?"

"सख्खा होता म्हणून उशीर झाला, आई. परका असता तर पहिल्याच दिवशी केली असती."

आई मागे फिरली. आत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे किती तरी दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलत होती.

खात्याच्या माणसांनी येऊन दुकानातलं औषधांचं कपाट सील केलं. तीन आठवड्यांनी दादानं दुकान पुन्हा उघडलं. आता तिथं फक्त खाद्य, पट्टे आणि साखळ्या. जिन्यात बहीण दिसली की तो भिंतीकडे तोंड करी. एके सकाळी त्यानं दारावर नवी पाटी लावली. भडक लाल अक्षरं: 'शेजारच्या दवाखान्याशी आमचा काहीही संबंध नाही.'

वाघीणबाई तणतणत आत आल्या. "ताई, पाहिलीत ती पाटी? उपटून आणू का?"

डॉक्टर बाहेर जाऊन पाटी वाचून आल्या. संताप उसळलाच. त्यांनी नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात खसाखसा धुतले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "निदान ही तरी त्यानं खरी लिहिलीय. पहिला पेशंट आत घ्या."