पुसलेली आठव्या नंबरची ओळ

शनिवार, ९ डिसेंबर १९६१. सायंकाळी साडेपाच वाजता अकोल्याच्या एका व्यायामशाळेत खो-खोच्या वऱ्हाड संघाची बारा नावे माझ्यावर लिहिली गेली. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांतली खालची सहा पुसली गेली.

मित्रांनो, मी त्या व्यायामशाळेच्या दाराशी टांगलेला जुना फळा आहे. धारणीकडच्या सागाच्या चार फळ्या जोडून १९५३ साली मला केले. तेव्हा कोणत्याही खेळाची निवड असो, माझ्यापुढे गर्दी व्हायची. एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे नावे पाठ करून गावोगाव न्यायचे. त्यावरूनच नियम झाला : फळ्यावर नाव लागले म्हणजे खेळाडूला कळवले. मंगळवारी पाचच्या आत येऊन वहीत सही करायची, नाहीतर त्याच्या जागी राखीव खेळाडू शिबिराला जाणार.

गर्दी आटली. नियम तेवढा राहिला.

पुसणारा हात चिटणीस खुशालरावांचा होता. क्रिकेटची यादी आली होती, आणि ती दुप्पट मोठ्या अक्षरांत हवी होती. शिपाई नत्थुजी धावत आले.

"भाऊसाहेब, कावून पुसून राहिले? पोरायनं पाहिलंबी नाई अजून!"

"कोन येऊन राहिलं पाहाले? दाखव एक तरी मानूस."

"त्यायले कोनी सांगतलंच नाई, तं येतीन कसे?"

"फळ्यावर लागलं, म्हंजे कळवलं. नियम मी नाई केला, नत्थू."

"पुसायचा नियम कोनं केला मंग?"

खुशालरावांनी हात पुढे केला. खडू मागितला.

असे का होते, ते मी आठ वर्षे पाहतो आहे. क्रिकेटचा गडी निवडीआधीच गावाला ठाऊक असतो. हिवाळाभर लोकांनी त्याला कॉलेजच्या मैदानावर पाहिलेले असते. कुस्तीचा पैलवान तर हलगी घेऊनच येतो. खो-खोचा गडी अकोटच्या जिनातून, सरकी काढण्याच्या कारखान्यातून येतो, बार्शीटाकळीच्या शेतातून येतो. त्याला कोणी पाहिलेले नसते. निवड झाली तरी दोन वर्षे तो अमरावतीच्या शिबिरात राबतो, मग सामन्यात उतरतो. तोवर यादी कोणाच्या लक्षात राहणार? वार्ताहर क्रिकेटची सगळी नावे उतरवतो. खो-खोसाठी लिहितो, 'संघ निवडला.' हे कारण झाले, मित्रांनो. याला सबब करू नका.

पुसलेल्या सहांपैकी पाचजण अकोल्यातलेच. त्यांना तोंडोतोंडी कळले, त्यांनी सह्या केल्या. आठव्या नंबरचा श्रावण अकोटच्या जिनात कामाला. चाचणीत त्याने खांबावरून असा सूर मारला होता, की पंच शिट्टी वाजवायचे विसरले.

सोमवारी दुपारी त्याची आई सुंदराबाई माझ्यापुढे उभी राहिली. लेकाला सुट्टी मिळाली नव्हती. तिला वाचता येत नव्हते. क्रिकेटची नावे वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला तिने विचारले, "बापू, श्रावण अकोटवाला हाये काय यात?"

"नाई मावशी. नाई दिसत."

"नीट पाय न, बाप्पा."

त्याने पुन्हा पाहिले. "नाईच."

तिने पदराने तोंड पुसले. "जिनातल्यायले वर्गनी गोळा करून धाडलं होतं मले," एवढेच म्हणाली आणि एसटी स्टँडकडे गेली. तिचा लेक माझ्याच अंगावर होता, क्रिकेटच्या यष्टिरक्षकाखाली. लाकडाला बोलता येत नाही, याची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

सायंकाळी वहीत अकराच सह्या पाहून नत्थुजींनी कपाळावर हात मारला. मंगळवारी सकाळी ते पहिल्या गाडीने अकोटला गेले.

मित्रांनो, पुसण्याआधी वाचा. माझे दुसरे मागणे नाही.

आज मंगळवार, दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटे. उन्हाची तिरीप माझ्यावर आली आहे. मोठ्या अक्षरांखाली 'श्रावण, अकोट' अजून अंधुक दिसते. राखीव खेळाडू पायरीवर ट्रंक घेऊन बसला आहे. वही उघडी आहे. अकोटची गाडी अजून आलेली नाही.