पाच शब्द आणि एक काना

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमचं सगळ्यात आवडतं माणूस खूप लांब राहायला गेलं आहे. त्याला तुम्ही वर्षातून एकदाच काही सांगू शकता, आणि तेही फक्त पाच शब्दांत. सहावा शब्द लिहायची सोय नाही. काय लिहाल? घाई करू नका. बोटांवर मोजून बघा. जमलं की डोळे उघडा, मग मी तुम्हाला भिंगरीची गोष्ट सांगतो.

भिंगरी म्हणजे एक मुलगी. एका जागी बसली तर तिच्या पायांना मुंग्या येत, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता हात थरथरायचा, म्हणून ब्रश सुटला होता. पण शिकवायची हौस काही सुटली नव्हती. खिडकीपाशी टेबल होतं, तिथे ते भिंगरीला अक्षरं गिरवायला बसवत.

"हे बघ, 'बस' लिही. आता त्याला काना दे. काय झालं?"

"बसा."

"एक उभी रेघ दिलीस आणि समोरचा माणूस मोठा झाला! 'थांब' म्हटलं की भाऊ थांबतो, 'थांबा' म्हटलं की पाहुणे थांबतात. एवढ्या स्वस्तात मान कुठे मिळतो का सांग."

"मग आईला 'वाढ' म्हणायचं की 'वाढा'?"

"तुझी आई आहे ती. 'वाढा' म्हणालीस तर ताप मोजायला येईल!"

त्या टेबलाच्या खणात एक पत्र्याचा डबा होता. त्यात आजोबांच्या ताईने पाठवलेली नव्या वर्षाची सगळी कार्डं होती. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आजोबा लहान असतानाच तिचं लग्न झालं आणि ती दूरच्या गावी गेली. तेव्हापासून वर्ष संपत आलं की तिचं कार्ड यायचं. जुन्या कार्डांवर उठावाची फुलं होती, त्यांच्यावरून बोट फिरवलं की पाकळ्या लागायच्या. एका कार्डाला चिमुकली खिडकी होती, ती उघडली की आत दिवा दिसायचा. एकावर सोनेरी चुरा लावलेला होता, तो अजूनही बोटाला लागत असे. मधल्या काळातली कार्डं गुळगुळीत आणि भडक होती, अलीकडची पुन्हा साधी.

आणि प्रत्येक कार्डावर छापील शुभेच्छेखाली हाताने लिहिलेले पाच शब्द.

"पाचच का?" भिंगरीने पहिल्यांदा विचारलं होतं.

"अगं, तेव्हा पोस्टाचा नियमच होता तसा. पाकीट न चिकटवता पाठवलं आणि आत हाताने पाचच शब्द लिहिले, तर तिकीट निम्म्या किमतीचं लागायचं. पोस्टातला माणूस कार्ड बाहेर काढून चक्क मोजायचा! पुढे नियम गेला, पण आमचा राहिला. पाकीट उघडं, शब्द पाच. आणि आधी मोठ्याने पाठवायचं, मग धाकट्याने उत्तर द्यायचं."

"असं कुणी ठरवलं?"

"कोण ठरवणार? मोठीनेच!"

ताईचं पहिलं कार्ड होतं: पोचले. रडू नकोस हं, ढब्बू.

ढब्बू म्हणजे आजोबा! भिंगरी हसून हसून खुर्चीवरून खाली आली होती. आजोबांनी तेव्हा उत्तर पाठवलं होतं: मी रडलोच नाही. कधी येतेस?

पुढच्या एका कार्डावर होतं: मुलगी झाली. मामा झालास, ढब्बू. आणि ज्या वर्षी आजी गेली, त्या वर्षीचं कार्ड: जेवत जा. मी आहे, ढब्बू.

"पाचातला एक शब्द हिने जन्मभर माझ्या नावावर उधळला," आजोबा कुरकुरत. "तेवढ्यात तब्येत कळवता आली असती, पाऊसपाणी कळवता आलं असतं. पण नाही. ढब्बू!" कुरकुर तोंडाने चालायची, डोळे मात्र त्या शब्दावरून हलत नसत. त्यांना त्या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

मागच्या वर्षी ताईने लिहिलं होतं: एकदा तरी येऊन जा, ढब्बू. आजोबांनी उत्तर दिलं: गुडघा बरा झाला की येतो.

वर्ष सरत आलं. गुडघा काही बरा झाला नाही. पण एके दिवशी आजोबा काठी टेकत स्टेशनवर गेले आणि नव्या वर्षातली तिकिटं काढून आले. एक पूर्ण, एक अर्धं. अर्धं भिंगरीचं. मग त्यांनी निळ्या पक्ष्याचं कार्ड आणलं, हात टेबलावर घट्ट टेकवला आणि थरथरत्या अक्षरांत लिहिलं:

तिकीट काढलं. आलोच. दार उघड.

"आता हिच्या तोंडाकडे बघायला हवं," ते म्हणाले. "जन्मभर मी हिला 'येतो, येतो' म्हणतोय."

भिंगरी चपला घालून तयारच होती. "द्या, टाकून येते पेटीत."

"थांब. तिचं कुठे आलंय अजून? आधी तिचं, मग माझं."

"पण आजोबा, एवढी छान बातमी! यंदा तुम्हीच आधी पाठवा ना."

"वा! इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही, आणि आता म्हातारपणी नियम मोडू? ती काय म्हणेल? ढब्बूला धीर धरवला नाही."

म्हणून कार्ड टेबलावर राहिलं. पाकिटावर पत्ता लिहून, तिकीट लावून, तयार.

वर्षाचा शेवटचा आठवडा आला आणि गेला. नवं वर्ष लागलं. आजोबा रोज दुपारी खिडकीत बसत. भिंगरी मधूनमधून म्हणे, "पाठवूया ना." ते मान हलवत. "येईल गं. पोस्टाचं काय, तिथे गोगलगाईच कामाला आहेत."

एका दुपारी पोस्टमन जिन्यातूनच ओरडत वर आला. "आजोबा, आलं बरं का ताईंचं कार्ड! पण यंदा काय भांडण झालं का? चक्क चिकटवून पाठवलंय!"

हा पोस्टमन दर वर्षी दारातच विचारायचा, 'मग, बहिणीकडे कधी जाताय?' किंवा 'गुडघा कसा आहे?' आजोबा रागावले की म्हणायचा, "मी वाचत नाही हो, उघड्या पाकिटातलं आपोआप दिसतं." आजही तो हसत होता. भिंगरीने पाकीट घेतलं आणि तीही हसत आजोबांकडे धावली.

आजोबांनी पाकीट हातात घेतलं. मागे फिरवलं. झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. डिंक पक्का होता.

ते हसले नाहीत. दारातला पोस्टमनही हसायचा थांबला, आणि हळूच जिना उतरला.

"तू फोड," आजोबा म्हणाले. "तू वाच."

आत एक कार्ड होतं आणि घडी घातलेला कागद. कागद आजोबांच्या भाचीने लिहिला होता. भिंगरी मोठ्याने वाचू लागली, कारण तिला मोठ्याने वाचायला शिकवलं होतं. मग तिचा आवाज बारीक होत गेला.

"मामा, आई गेली. सकाळी उठलीच नाही. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही. तार केली असती तर तुम्ही तो गुडघा घेऊन धावत निघाला असता, आणि पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. म्हणून नाही केली. रागावू नका. हे कार्ड तिच्या उशाशी होतं. आदल्या दिवशी लिहायला बसली होती. म्हणाली, उरलेलं उद्या लिहीन. तिची खोली अजून तशीच आहे. मुलं रोज विचारतात, मामाआजोबा कधी येणार?"

भिंगरीने कागदाची घडी पुन्हा घातली.

"आणि कार्ड?" आजोबांनी विचारलं.

कार्डावर लाल फुलं होती. खाली ताईचं तिरपं अक्षर. भिंगरीने वाचलं, "गुडघा बरा झाला का."

"पुढे?"

"पुढे स्वल्पविराम आहे."

"त्याच्या पुढे?"

"काही नाही, आजोबा."

"नीट बघ. चारच झाले. पाचवा असेल. मागे बघ."

भिंगरीने कार्ड उलटं केलं. पाकिटात डोकावली. पाकीट झटकलंसुद्धा. पाचवा शब्द कुठेच नव्हता. तो कोणता असणार होता, हे तिलाही ठाऊक होतं. तिच्या जिभेवरही आला होता. पण तो शब्द तिचा नव्हता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

आजोबांनी कार्ड मांडीवर ठेवलं आणि त्या स्वल्पविरामाच्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला, आणि भिंगरीने आपल्या आजोबांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

"पाठवायला हवं होतं गं," ते म्हणाले. "तू म्हणत होतीस. तिला कळायला हवं होतं की मी निघालोय."

भिंगरी त्यांच्याजवळ बसली. तिने त्यांचा हात धरला.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "माझं ते कार्ड डब्यात टाकून दे. तिकिटंही परत करायला हवीत. कुणाकडे जायचं आता? दार कोण उघडणार?" आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

भिंगरी टेबलापाशी गेली. तिने निळ्या पक्ष्याचं कार्ड बाहेर काढलं आणि वाचलं. तिकीट काढलं. आलोच. दार उघड. हे ताईला लिहिलेलं होतं. पण 'आलोच' तर एकाचंही होतं आणि दोघांचंही. त्यात तीसुद्धा मावत होती. आणि त्या घरात अजून माणसं होती, तिने कधी न पाहिलेली, तिच्याहून मोठी, तिच्या बरोबरीची. त्यांना 'उघड' कसं म्हणायचं?

तिने आजोबांचा पेन घेतला. हात टेबलावर घट्ट टेकवला, त्यांच्यासारखाच. शेवटच्या शब्दाला वरपासून खालपर्यंत एक सरळ काना दिला.

दार उघडा.

शब्द पाचच राहिले. मग तिने पाकिटावर ताईचं नाव खोडून तिथे भाचीचं नाव घातलं. पत्ता तोच ठेवला. कार्ड आत सरकवलं, झाकणाला डिंक न लावता ते नुसतं आत खोचलं, आणि चपला पायांत अडकवून ती पोस्टाच्या पेटीकडे निघाली.